काका, काकुर आणि दुपारी दोनची रात्र

डिसेंबर उजाडला की इन्स्टावर तेच रील फिरायला लागतं. खिडकीबाहेर भुरभुरणारा बर्फ, आत पिवळा दिवा, लोकरीचे मोजे घातलेले पाय, मगातून निघणारी वाफ आणि ओव्हनमधून बाहेर येणारा दालचिनी रोल्सचा ट्रे. तुम्ही ते बघता तेव्हा डोंबिवली लोकलमध्ये एका पायावर उभे असता, बाहेर तीस डिग्री असते आणि तरीही तुम्ही ते सेव्ह करून ठेवता. ठेवा की! पण त्या पंधरा सेकंदांत जे दिसत नाही, त्याबद्दल आज जरा बोलू या. कारण तुमच्यापैकी काही जण पुढच्या ऑगस्टमध्ये मास्टर्ससाठी खरोखरच तिकडे जाणार आहेत. बर्फाचा पहिला दिवस भन्नाट असतो. पहिला आठवडाही. प्रश्न असतो तो नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा.

मी असे दोन हिवाळे काढले ते स्वीडनच्या उत्तरेला, उमिओ नावाच्या विद्यापीठाच्या गावात. हे गाव जवळपास ६४ अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास तिथे सूर्य सव्वानऊ-साडेनऊला उगवतो आणि दुपारी दोनच्या आत मावळतो. जेमतेम साडेचार तासांचा दिवस. तुलनेसाठी सांगते, मुंबईतला वर्षातला सगळ्यात लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो. बरं, त्या साडेचार तासांतही सूर्य डोक्यावर वगैरे येत नाही. झाडांच्या शेंड्यांवरून कडेकडेने सरकतो आणि जातो. तुम्ही सव्वाआठच्या लेक्चरला अंधारात जाता, लायब्ररीतून बाहेर पडता तेव्हाही अंधारच. मधे ढग असले तर सूर्याचा पत्ताच नाही. या गावच्या वीज कंपनीने २०१२च्या हिवाळ्यात काही बसस्टॉपवर प्रकाशोपचाराचे दिवे बसवले होते. म्हणजे बसची वाट बघता बघता थोडा उजेड अंगावर घ्या. एवढ्यावरून कल्पना करा.

थंडीचं मात्र तुम्ही समजता तसं नाही. बाहेर उणे पंधरा असली तरी घरात वीस-एकवीस डिग्री असतात. खिडक्यांना तिहेरी काचा, प्रत्येक खोलीत भिंतीला गरम पाण्याचा रेडिएटर, आणि विद्यार्थ्यांच्या घरभाड्यात हीटिंगचे पैसे बहुतेक वेळा धरलेलेच असतात. खरं सांगू का, जानेवारीत पुण्याच्या घरात सकाळी सहाला फरशीवर पाय टाकताना जी कळ मस्तकात जाते, ती मला उमिओत घरात कधीच आली नाही. तिकडे थंडी बाहेरच राहते. आत येतो तो अंधार.

आणि हो, बर्फ पडला म्हणून सुट्टी मिळेल ही आशा आत्ताच सोडा. आपल्याकडे पावसाने लोकल बंद पडली की कॉलेज बुडतं, तसं तिकडे नाही. हवामान खातं पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे देतं. लाल म्हणजे खरंच बाहेर पडू नका. तो क्वचित येतो. एरवी पहाटेच बर्फ बाजूला सारणारी गाडी येऊन गेलेली असते, रस्त्यावर बारीक खडी टाकलेली असते आणि लोक सायकलवर ऑफिसला निघालेले असतात. त्यामुळे 'बर्फाचा दिवस घरात' म्हणजे रविवार, सुट्ट्या आणि त्या लांबलचक संध्याकाळी. त्यांचं काय करायचं याचं उत्तर या लोकांनी शेकडो वर्षांत शोधून ठेवलंय. उत्तरात तीन गोष्टी आहेत : खिडकीत दिवा, किटलीत कॉफी आणि ओव्हनमध्ये काहीतरी.

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे अॅडव्हेंट. त्यातला पहिला रविवार आला की एका रात्रीत गाव बदलतं. खिडकीखिडकीत कागदाची चांदणी लटकते किंवा उलट्या व्ही आकाराचा छोट्या दिव्यांचा स्टँड लागतो. आपल्याकडे वसुबारसेला संध्याकाळी चाळीतून फिरताना जसं वाटतं ना, अगदी तसं. पहिल्या वर्षी मला कळेना की या दिव्यांची तोंडं घराबाहेर का. मग लक्षात आलं, की आपला कंदीलही बाहेरच्यासाठीच असतो.

फिका, पण कडक

आता कॉफी. स्वीडिश लोक कामातून, अभ्यासातून वेळ काढून एकत्र कॉफी पितात आणि सोबत काहीतरी गोड खातात, त्याला म्हणतात 'फिका'. मराठी माणसाला हा शब्द ऐकून हसू येतं, कारण कॉफी अजिबात फिकी नसते. कडक, काळी आणि भरपूर असते. 'काफी' हा कॉफीसाठीचा जुना शब्द उलटा करून 'फिका' झाला, असं भाषेचे अभ्यासक सांगतात. टपोरी भाषेतला शब्द होता तो, आता सगळ्या देशाचा झाला. याच देशाने अठराव्या शतकात, १७५६ साली, कॉफीवर बंदी घातली होती. नंतरही बंदी उठवली, पुन्हा घातली असं चालू राहिलं. लोक लपूनछपून पीतच राहिले. आज त्यांच्या भाषेत दुसऱ्या कपासाठी वेगळा शब्द आहे, 'पोतोर', आणि तिसऱ्या कपासाठी आणखी वेगळा, 'त्रेतोर'. आपण एवढे चहाबाज, पण आपल्याकडे कटिंगच्या पलीकडे काही नाही! 

उत्तरेकडे तर एक अचाट प्रकार आहे. पातेल्यात उकळलेल्या काळ्या कॉफीत चीजचे तुकडे टाकतात. त्या चीजला कॉफीचं चीज असंच म्हणतात. ते विरघळत नाही, पनीरसारखं मऊ होतं आणि कुरकुरतं. कॉफी पिऊन झाली की तळाचे तुकडे चमच्याने खायचे. ऐकायला विचित्र वाटेल. पण ग्लासातल्या चहात खारी बुडवून तिचा तळाशी बसलेला गाळ चमच्याने खाणाऱ्यांनी नाक मुरडू नये.

काका म्हणजे काय रे काका?

स्वीडिश शिकायला लागलात की पहिल्याच आठवड्यात एक विनोद होतो. केक किंवा बिस्किटाला त्यांच्याकडे म्हणतात 'काका'. एकाहून जास्त असले की 'काकुर'. म्हणजे एखादी स्वीडिश आजी तुम्हाला अगदी प्रेमाने विचारते, 'काका घेणार का?' १९४५ साली तिकडे घरगुती बेकिंगचं एक पुस्तक निघालं, त्याचं नावच 'सात प्रकारचे काकुर'. पूर्वी पाहुणे आले की टेबलावर सात प्रकार हवेत, कमी केले तर यजमानीण कंजूष आणि जास्त केले तर शिष्ट, असा हिशेब असायचा. आपल्याकडे दिवाळीचा फराळ शेजारी जाताना ताटात किती प्रकार आहेत ते बघितलं जातंच की. ते पुस्तक अजूनही दुकानात मिळतं.

यातला विद्यार्थ्यांचा लाडका काका म्हणजे 'क्लादकाका', चिकट काका. चॉकलेटचा केक, पण बेकिंग पावडर नाही, फुगवायची भानगड नाही आणि मधे मुद्दाम कच्चट ठेवायचा. मिक्सर लागत नाही, वजनकाटा लागत नाही, एक पातेलं आणि एक चमचा बास. १०० ग्रॅम लोणी पातेल्यात वितळवा, गॅस बंद करा. त्यात सव्वा कप साखर, दोन अंडी, पाऊण कपाला किंचित कमी मैदा, चार मोठे चमचे कोको, व्हॅनिला आणि चिमूटभर मीठ घालून फक्त एकत्र करा. फेटू नका, फेटलंत की हवा भरते आणि मग तो साधा केक होतो. भांड्याला लोणी लावून टोस्टचा चुरा भुरभुरा, मिश्रण ओता, १७५ डिग्रीवर पंधरा ते वीस मिनिटं. कडा घट्ट आणि मधे हलवल्यावर थरथरतंय असं दिसलं की काढा. गार झाल्यावर ते बसतं. मध्यरात्री सबमिशन असलेल्या माणसाला झेपेल अशी ही एकमेव बेकिंगची कृती आहे, असं माझं ठाम मत आहे.

आले, लवंग, दालचिनी घातलेली पातळ कुरकुरीत बिस्किटं, 'पेपरकाकुर', ही डिसेंबरची खास. ती तळहातावर ठेवायची, मनात इच्छा धरायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने मधोमध टकटक करायचं. तीन तुकडे झाले तर इच्छा पुरी होते. परीक्षेच्या आठवड्यात आमच्या किचनमध्ये अर्धा डबा यातच संपायचा.

पण मला सगळ्यात आधी आपलंसं केलं ते वेलचीने. पहिल्याच नोव्हेंबरात, संध्याकाळी चारला, म्हणजे मिट्ट काळोखात, बेकरीसमोरून जाताना श्रीखंडाचा वास आला. थबकलेच मी! वास होता वेलची घातलेल्या पावाचा. स्वीडनमध्ये गोड पावाच्या कणकेत वेलची लागतेच, आणि तीही पूड नाही, खलबत्त्यात जाडसर कुटलेली, दाताखाली येणारी. सुपरमार्केटात सोललेले वेलदोडे, नुसते काळे दाणे बाटलीत भरून मिळतात. आपण वेलची गोडाधोडाला, चहाला घालतो, पण पावात कधी घातली होती? आता घालून बघा.

केशर गल्ल्यापाशी

१३ डिसेंबरला लुसीआचा सण येतो. लुसीआ ही मूळची सिसिलीतली ख्रिस्ती संत. पण स्वीडनमध्ये तिचा सण इतका मोठा होण्यामागे जुन्या पंचांगाचा हात आहे. जुन्या कॅलेंडरनुसार वर्षातली सगळ्यात लांब रात्र याच तारखेच्या आसपास पडायची. त्या रात्री जागायचं, खायचं, दिवे लावायचे. आज दिसते ती डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घातलेली, पांढऱ्या झग्यातली लुसीआ आणि तिच्यामागे गात जाणारी मुलं-मुली, ही मिरवणूक गावोगावी पसरली ती विसाव्या शतकात. १९२७ साली स्टॉकहोममधल्या एका वर्तमानपत्राने लुसीआ निवडायची स्पर्धा घेतली आणि ते लोण पसरलं. वर्तमानपत्रांना नस्ते उद्योग पूर्वीपासूनच आवडतात.

त्या दिवशी खायचे ते 'लुसेकातर'. केशर घातलेले पिवळेधमक छोटे पाव, दोन्ही टोकांना उलटसुलट गुंडाळी आणि प्रत्येक गुंडाळीच्या मधोमध एक बेदाणा. डिसेंबर आला की दुकानात केशराच्या अर्ध्या ग्रॅमच्या इवल्या पुड्या येतात, आणि महाग म्हणून बऱ्याच ठिकाणी गल्ल्यापाशीच ठेवतात. अख्खा देश महिनाभर केशर खातो. घरून येताना आईने बॅगेत कोंबलेली केशराची डबी, जी मी 'तिकडे कशाला हे' म्हणून बाजूला ठेवणार होते, तिने मला त्या किचनमध्ये एकदम सावकार करून टाकलं.

हे पाव तुम्ही इथे करू शकता, अंड्याशिवायसुद्धा. साधारण सोळा पावांचं प्रमाण देते. अर्धा ग्रॅम केशर चिमूटभर साखरेबरोबर खलात कुटा. पाव लिटर दुधात १०० ग्रॅम लोणी वितळवा आणि दूध कोमट होऊ द्या. किती कोमट? स्वीडिशमध्ये यासाठी झकास शब्द आहे, 'बोटाइतकं गरम'. बोट बुडवलं तर गरमही लागत नाही आणि गारही नाही, म्हणजे अंगाच्या तापमानाएवढं, ३७ डिग्री. यापेक्षा फार गरम झालं तर यीस्ट मरतं, गार राहिलं तर पेंगतं. त्यात ८ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, केशर, ९० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ आणि १२५ ग्रॅम चक्का घाला. हो, श्रीखंडाचाच चक्का, पण गोड न केलेला! केशराने पाव कोरडा पडतो असं तिकडच्या आज्या सांगतात, म्हणून त्या 'क्वार्क' नावाचं घट्ट दह्यासारखं प्रकरण घालतात. ते हातात घेतलं आणि मला चितळ्यांच्या दुकानासमोरची रांग आठवली. मग मैदा, पावणेपाचशे ग्रॅमच्या आसपास. सगळा एकदम ओतू नका, थोडा मागे ठेवा. कणीक पोळीच्या कणकेपेक्षा सैल आणि किंचित चिकट हवी. दहा मिनिटं मळा. हात दुखले पाहिजेत.

झाकून तासभर ठेवा. इथे पुण्या-नाशिकच्या जानेवारीत कणीक फुगत नाही अशी तक्रार असते. बंद ओटीजीत एक वाटी गरम पाणी आणि शेजारी कणकेचं भांडं ठेवा, काम होतं. मग वळ्या करून गुंडाळ्या घाला, पुन्हा अर्धा तास विश्रांती, तासगावचे बेदाणे भिजवून खोल दाबा (वरवर ठेवलेत तर भाजताना टपकन बाहेर येतात), वरून दुधाचा हात फिरवा आणि २२५ डिग्रीवर आठ-दहा मिनिटं. सहाव्या मिनिटापासून तिथून हलू नका.

ओव्हन नाही? चिकट काकाचं जमेल. जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर, त्यावर स्टँड, झाकण. आपल्या आज्यांनी वाळूत केक केलेच आहेत. पावांना मात्र वरून कडक आच लागते, ते पातेल्यात पांढरेफटक राहतात. अशा वेळी जुना मार्ग आहे. दिवाळीआधी लोक नानकटाईचं पीठ आणि तूप घेऊन कोपऱ्यावरच्या बेकरीत जायचे आणि डबाभर भाजून आणायचे. अजूनही काही गावांत भाजून देतात. विचारून बघा, फार तर नाही म्हणतील.

मगात काय आहे?

रीलमध्ये मगात असतं ते हॉट चॉकलेट, वर मार्शमेलोचा ढीग. स्वीडनमध्ये वर मार्शमेलोऐवजी फेटलेली साय असते आणि ती जास्त चांगली लागते. पण डिसेंबरचं पेय म्हणजे 'ग्लॉग'. तापवलेली लाल वाइन, त्यात दालचिनी, लवंग, वेलची, आलं, कडू संत्र्याची साल आणि साखर. हे अगदी छोट्या कपात देतात, तळाशी बेदाणे आणि सोललेले बदाम टाकून. मसाल्यांची यादी पुन्हा वाचा. आपल्या चहाचाच मसाला आहे तो! बिनदारूचा ग्लॉग कुठल्याही किराणा दुकानात मिळतो. घरी करायचा तर काळ्या द्राक्षांचा रस घ्या, हेच मसाले घालून मंद आचेवर वीस मिनिटं ठेवा, उकळी फुटू देऊ नका आणि शेवटी लिंबू पिळा. नाशिकवाल्यांना द्राक्षं शोधायला लागणार नाहीत.

दारूच्या ग्लॉगबद्दल दोन शब्द. तिकडे जास्त तीव्रतेची दारू जवळजवळ फक्त सरकारी दुकानातच विकत मिळते, विकत घ्यायला वय वीस पूर्ण लागतं, शनिवारी दुपारी दुकान बंद होतं आणि रविवारी उघडतच नाही. आणि दारूने ऊब येते हा समज थंडीत महागात पडतो. दारूने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त वर येतं, म्हणून गरम वाटतं. प्रत्यक्षात अंगातली उष्णता भराभर बाहेर जाते. पार्टीतून उणे वीसमध्ये 'अरे, मला थंडीच वाजत नाहीये' म्हणत जॅकेट उघडं टाकून निघालेल्या मित्राला एकटं सोडू नका.

माझं आवडतं पेय या दोन्हींपेक्षा साधं आहे. ब्लूबेरीचं गरम सूप. जंगली ब्लूबेरी, पाणी, साखर आणि दाटपणासाठी बटाट्याचा स्टार्च. मगातून पितात. स्वीडनमध्ये दर मार्चमध्ये ९० किलोमीटरची स्कीइंगची शर्यत होते, 'वासालोप्पेत', १९२२ पासून. तिथे वाटेत स्पर्धकांना हेच सूप देतात. बेरी मात्र आधी जमवायला लागतात. तिकडे जंगल कुणाचंही असलं तरी त्यातली फळं वेचायचा हक्क सगळ्यांना आहे. ऑगस्टमध्ये गेल्या गेल्या दोन रविवार जंगलात घालवा आणि फ्रीजर भरून ठेवा. कैऱ्यांच्या दिवसांत लोणचं घालून ठेवतात, त्यातलाच प्रकार.

फ्रीजवरचा कागद

आता जे रीलमध्ये कधीच दिसत नाही ते. विद्यार्थी राहतात त्या इमारतीत एका मजल्यावर दहा-बारा खोल्या आणि एक सामाईक किचन असतं. खोलीचं दार बंद केलं की तुम्ही आणि तुमचा लॅपटॉप. हिवाळ्यात भारताची वेळ साडेचार तास पुढे असते. तुम्ही संध्याकाळी सहाला मोकळे होता तेव्हा घरी साडेदहा वाजलेले असतात, आई झोपायच्या तयारीत असते. दोन मिनिटं बोलणं होतं, 'जेवलीस का?' 'हो.' आणि पुढे सहा तास रात्र. २० डिसेंबरच्या सुमारास स्वीडिश मुलं घरी जातात आणि मजला रिकामा होतो. २४ तारखेला दुपारी तीनला सगळा देश टीव्हीसमोर बसून डोनाल्ड डकचा तोच जुना कार्यक्रम बघतो, गेली सहा दशकं. तुम्ही त्या वेळी किचनमध्ये एकटे मॅगी करत असता.

माझ्याच मजल्यावर कोल्हापूरची एक मैत्रीण होती. हुशार, बडबडी, ऑगस्टमध्ये सगळ्यांची नावं पाठ करणारी. जानेवारीत ती हळूहळू दिसेनाशी झाली. आधी सकाळची लेक्चर्स बुडाली, मग सगळीच. विचारलं की म्हणायची, 'थंडीने झोप येते गं.' दिवसभर झोपायची, रात्री तीनला किचनमध्ये दिवा दिसायचा. आम्हा सगळ्यांना वाटलं, प्रोजेक्ट असेल.

आमच्या फ्रीजवर एक कागद होता. रविवारी फिका कोण करणार त्याची पाळी लिहिलेली. कॉलेजच्या डिपार्टमेंटमध्येही असाच कागद असतो, तिकडची पद्धतच आहे. त्या रविवारी तिची पाळी होती आणि चार वाजून गेले तरी टेबल रिकामं. एका स्वीडिश मुलाने तिचं दार वाजवलं. चौकशी वगैरे काही नाही. स्वीडिश लोक तशी चौकशी करतच नाहीत, आणि एरवी मला त्याचा रागच यायचा. तो एवढंच म्हणाला, 'आज तुझी पाळी आहे, मैदा संपलाय, माझा वापर.' ती उठली. केस न विंचरता किचनमध्ये आली आणि क्लादकाका केला. तो जळला. आम्ही जळका काका कॉफीत बुडवून खाल्ला. त्या संध्याकाळी तिने पहिल्यांदा सांगितलं की तीन आठवडे ती रोज रडतेय आणि का ते तिला कळत नाहीये.

केकने ती बरी झाली असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात गेलो. हिवाळ्यात उजेड कमी झाला की काही जणांना नैराश्य येतं, हा ओळखीचा आजार आहे, त्यावर उपचार आहेत, हे तिला तिथे कळलं. समुपदेशन सुरू झालं, काही महिन्यांनी ती सावरली. पण ते दार वाजायला कारण लागलं, आणि ते कारण त्या कागदावर होतं. कागद नसता तर आम्ही सगळे 'प्रोजेक्ट असेल' म्हणत आणखी किती आठवडे घालवले असते, याचा विचार अजूनही येतो.

म्हणून जाणार असाल तर बॅगेत केशराबरोबर काही गोष्टी पक्क्या असू द्या. ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांशी आधीच बोला. तिकडच्या सरकारचा मोठ्यांसाठी सल्ला रोज १० मायक्रोग्रॅमचा आहे आणि आपल्या शाकाहारी जेवणातून ते फारसं मिळत नाही. रोज दुपारी बाराला, कितीही कंटाळा आला तरी अर्धा तास बाहेर पडा, ढग असले तरी. तब्येतीच्या सल्ल्यासाठी स्वीडनमध्ये ११७७ हा नंबर आहे, इंग्रजीतही बोलतात. तातडीच्या वेळी ११२. झोप, भूक किंवा लेक्चरं सलग दोन आठवडे बिघडली, तर 'थंडी आहे' म्हणून सोडून देऊ नका. स्वतःचं नाही आणि शेजारच्या खोलीतलंही नाही. आणि गेल्या गेल्या, सप्टेंबरात, उजेड असतानाच फ्रीजवर कागद लावा. डिसेंबरमध्ये ते करायची ताकद उरत नाही. पहिल्या रविवारी पाळी स्वतःची लिहा. पोहे केलेत तरी चालतील.

इथे, मुंबई-पुण्यात हॉस्टेलवर राहणाऱ्यांना हे लागू नाही असं समजू नका. आपल्याकडे ऊन भरपूर आहे, पण बंद दारं आपल्याकडेही आहेत.

फेब्रुवारी आला की उमिओत दिवस रोज सहा-सात मिनिटांनी वाढायला लागतो आणि बेकऱ्यांत 'सेमला' येतात. वेलचीचा गोल पाव, आतून कोरून बदामाचं सारण भरलेला आणि वर सायीचा डोंगर. १२ फेब्रुवारी १७७१ ला स्वीडनचा राजा अॅडॉल्फ फ्रेडरिक प्रचंड जेवला, वर गरम दुधातले सेमला खाल्ले आणि त्याच रात्री गेला. तिकडच्या शाळांत हे शिकवतात आणि मुलं ते ऐकून मधल्या सुट्टीत सेमला खातात.

राहता राहिले उरलेले लुसेकातर. केशराचे पाव दुसऱ्या दिवशी खरंच कोरडे होतात, चक्का घातला तरी. टाकू नका. आडवे दोन भाग करा आणि १०० डिग्रीवर तास-दीड तास, पूर्ण वाळेपर्यंत ठेवा. स्वीडिशमध्ये त्याला 'स्कोर्पुर' म्हणतात. तुम्ही त्याला टोस्ट म्हणाल. गार झाल्यावरच डब्यात भरा, नाहीतर सादळतात. चहात बुडवताना तीनपर्यंत मोजा. चौथ्याला तुटतात.